मुलांचा ग्रूप: मित्र न तोडता मुलाच्या पाठीशी कसं उभं राहायचं

मूल तेरा-चौदाचं झालं की बहुतेक घरांत एकच तक्रार सुरू होते, हल्ली आमचं काही ऐकतच नाही, सगळं मित्रांचं चालतं. आणि त्याला जोडून दुसरी, आमचा चांगला होता हो, त्या अमक्याच्या नादाला लागला आणि बिघडला. मी या वयाच्या मुलांसोबत आणि त्यांच्या आईबाबांसोबत बरीच वर्षं काम करतेय, आणि ही दुसरी तक्रार ऐकली की मी आधी एवढंच सांगते की थांबा, लगेच त्या अमक्याच्या मागे लागू नका, बहुतेक गोष्टी तिथूनच चुकायला लागतात. मुलाला ग्रूपमधून ओढून बाहेर काढणं जवळजवळ कधीच जमत नाही. जमतं ते एवढंच, की ग्रूपमध्ये राहूनसुद्धा नको तिथे त्याला नाही म्हणता यावं अशी सोय करून देणं. ती कशी करायची ते लिहितेय.

आधी समजून घ्या की मित्र एवढे महत्त्वाचे का होतात

एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने या वयाचं मुख्य काम सांगून ठेवलंय, मी कोण ते शोधणं. घरात तो कोणाचा तरी मुलगा असतो, कोणाचा तरी भाऊ असतो, ही ओळख त्याला आयती मिळालेली असते. ग्रूपमध्ये मात्र स्वतःची जागा स्वतः कमवावी लागते, कोणी सगळ्यांना हसवणारा होतो, कोणी डेअरिंगबाज, कोणी भांडणं मिटवणारी. केस, बूट, बोलायची स्टाइल, ऐकायची गाणी, सगळं तिथे ट्राय करून बघितलं जातं, चाललं तर ठेवायचं, सगळे हसले तर दुसऱ्या दिवशी गायब. यातलं बरंचसं काही महिन्यांत आपोआप गळून पडतं, त्यामुळे केसांवरून आणि कपड्यांवरून भांडण्यात आपली ताकद घालवू नका, ती पुढे खऱ्या गोष्टींसाठी लागणार आहे.

दुसरी गोष्ट मेंदूची, आणि ही मला फार महत्त्वाची वाटते. २००५ मध्ये मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांचा एक अभ्यास आला होता, त्यात लोकांना गाडी चालवायचा कॉम्प्युटर गेम खेळायला दिला, सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की रेटायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. एकट्याने खेळताना १३ ते १६ वयाची मुलं आणि २४ च्या पुढची माणसं यांच्यात फारसा फरकच नव्हता. पण मित्र शेजारी बसवले आणि मुलांची रिस्क साधारण दुप्पट झाली, १८ ते २२ वाल्यांचीही बरीच वाढली, मोठ्यांना मात्र काही फरक पडला नाही. पुढे २०११ मध्ये तसाच गेम ब्रेन स्कॅन करता करता खेळायला दिला, तेव्हा मित्र शेजारच्या खोलीतून बघतायत एवढं कळल्यावर मुलांच्या मेंदूतले बक्षीस मिळाल्यावर जागे होणारे भाग जास्त चालायला लागलेले दिसले. म्हणजे तुमचा मुलगा एकटा असताना शहाणा असतो हे खरंच आहे, आणि चौघांत असताना तोच मुलगा वेडेपणा करतो हेही खरंच आहे. त्यात खोटारडेपणा नाही. म्हणून "तुला एवढं पण कळत नाही का" हा प्रश्न पालथ्या घड्यावर पाणी, कारण त्याला कळतं, फक्त त्या क्षणी ते कळणं कामाला येत नाही.

घरातसुद्धा हे ऐकू येतं. मुलगी एकटी असताना आईचा फोन आला तर, "अगं आई निघालेच, अर्ध्या तासात पोचते, तू जेवून घे." तीच मुलगी मैत्रिणींच्या घोळक्यात असताना, "हं. हो. माहितीये. ठेव." आवाजसुद्धा वेगळा, जरा खालचा, आणि आई हा शब्द गायब. हे ऐकून आईला लागतं, साहजिक आहे, पण मुलगी तेव्हा एकाच वेळी दोन ठिकाणी उत्तर देत असते, फोनवर आणि शेजारी उभ्या असलेल्यांना. घरी आल्यावर त्यावरून तिला धारेवर धरू नका. अशा वेळी फोन करण्याऐवजी मेसेज टाका, तिचीही सुटका आणि तुम्हालाही नीट उत्तर मिळेल.

ग्रूपची माहिती काढा, पण चौकशी करू नका

कोण कोण होतं, कुठे गेला होतात, कोणाचे वडील काय करतात, असे प्रश्न मुलांना पोलीस स्टेशनसारखे वाटतात आणि मग उत्तरं येतात "कोणी नाही", "कुठेच नाही". मला दोन प्रश्न खूप उपयोगी पडलेत. पहिला, तुमच्यात प्लॅन कोण ठरवतं? आणि दुसरा, एखाद्याने म्हटलं की मी नाही येत, तर बाकीचे काय करतात? हा दुसरा प्रश्न सोन्यासारखा आहे. उत्तर "काही नाही, नाही तर नाही" असं आलं तर तो ग्रूप कितीही आरडाओरडा करणारा, गबाळा, उशिरा घरी येणारा असला तरी मला फार काळजी वाटत नाही. पण उत्तर देताना मुलगा जरा थांबला, किंवा "मग त्याची लय उडवतात", "मग पुढच्या वेळी सांगतच नाहीत त्याला" असं काही बोलला तर तिथे लक्ष द्यायचं. हे प्रश्न समोरासमोर बसवून विचारू नका, गाडीत, चालताना, काहीतरी काम करताना विचारा, नजरेला नजर नसली की मुलं जास्त बोलतात. आणि विचारल्यावर गप्प बसा, उपदेश लगेच सुरू झाला की पुढच्या वेळी दार बंद.

अजून एक, आणि हे ऐकायला जरा कडू आहे. मित्रांमुळे मुलगा तसा झाला असं आपण धरून चालतो, पण डेनिस कँडेल यांनी १९७८ मध्येच दाखवलं होतं की मित्र एकमेकांसारखे दिसतात त्यामागे दोन्ही असतं, सोबत राहून एकसारखे होणं, आणि मुळात आपल्यासारखाच मित्र निवडणं. म्हणजे आपलं मूल त्या ग्रूपकडे का ओढलं गेलं हाही प्रश्न आहे. अभ्यासात मागे पडल्यामुळे वर्गात अपमान होतोय का, जुन्या मित्रांनी वाळीत टाकलंय का, घरात सतत तुलना चाललीये का. तिथलं दुखणं तसंच राहिलं तर हा ग्रूप सुटेल आणि पुढच्या महिन्यात असाच दुसरा मिळेल.

मित्राला नावं ठेवू नका, गोष्टीबद्दल बोला

"तो मुलगा मला अजिबात आवडत नाही" असं म्हटलं की मुलाला त्याची बाजू घ्यावीच लागते, आणि बाजू घेता घेता तो त्याचा अजून जवळचा होतो. त्याऐवजी, "काल रात्री तीन जण एका बाइकवर होतात आणि एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नव्हतं, मला त्याची भीती वाटली." बस. नाव नाही, तो असाच आहे वगैरे नाही. मुलगा चिडेल, चिडू दे, पण वाद बाइकवर होईल, मैत्रीवर नाही. बंदी हे अगदी शेवटचं हत्यार ठेवा, कारण बंदी घातली की भेटणं थांबत नाही, सांगणं थांबतं.

नाही म्हणायची वाट तयार ठेवा

हा भाग नीट वाचा आणि आजच घरात ठरवून टाका. चार मित्र आग्रह करतायत, ते सोडून जाणं म्हणजे भित्रा ठरणं, अशा वेळी चौदा-पंधराच्या मुलाकडून छाती ठोकून "मला नाही पटत" असं म्हणण्याची अपेक्षा करणं त्याच्यावर अन्याय आहे. त्याला बहाणा द्या. आणि सगळ्यात चांगला बहाणा तुम्ही स्वतः आहात.

एक खूण ठरवायची, एखादं अक्षर किंवा इमोजी, जे तो एरवी कधी पाठवत नाही. ते आलं की पाच मिनिटांत तुम्ही फोन करायचा, आणि फोनवर तुमचा रोल रागावलेल्या आईचा किंवा बाबांचा, "कुठे आहेस, घरी काम आहे, मी न्यायला येतोय, पत्ता पाठव." आवाज मोठा ठेवा, शेजारच्याला ऐकू गेला पाहिजे. मुलगा वैतागून म्हणणार, "अरे यार, बाबा आलेत डोकं खायला, जावं लागेल." त्याची लाज राहिली आणि तो बाहेर पडला. आपण वाईट ठरलो, ठरू दे.

आता यातली खरी अट. त्या रात्री एकही प्रश्न विचारायचा नाही. गाडीत नाही, घरी आल्यावर नाही, "वास कसला येतोय" हेसुद्धा नाही. अगदीच तब्येतीचा प्रश्न दिसत असेल, कोणी बेशुद्ध आहे, कोणी तिथे मागे अडकलंय, तर आधी मदत, ते सोडून बाकी सगळं दुसऱ्या दिवशी, आणि तेही त्याने बोलायला सुरुवात केली तर जास्त बरं. हे पाळणं फार अवघड आहे, मला कल्पना आहे, पण एकदा जरी त्या रात्री भडका उडाला तर ती खूण पुन्हा कधीच येणार नाही, आणि पुढच्या वेळी तो तिथेच थांबेल. शब्द दिलाय तर पाळायचाच. आणि नुसतं ठरवून सोडू नका, एकदा खोटी खोटी प्रॅक्टिस करा, मुलं हसतात पण त्यामुळे खरी वेळ आली की बोटं अडखळत नाहीत.

एक साथीदार पुरतो

सॉलोमन अ‍ॅश यांचे १९५० च्या दशकातले प्रयोग प्रसिद्ध आहेत. एक रेघ दाखवायची आणि दुसऱ्या तीन रेघांपैकी तेवढीच लांब कोणती ते सांगायचं, अगदी सोपं, एकट्याने कोणी सहसा चुकत नाही. पण खोलीतल्या बाकीच्यांनी आधीच ठरवून चुकीचं उत्तर दिलं तर कॉलेजमधल्या दर चार मुलांपैकी साधारण तिघांनी निदान एकदा तरी तेच चुकीचं उत्तर दिलं, समोर डोळ्यांना दिसत असताना. आता आपल्या कामाचं पुढे आहे, त्या घोळक्यात बरोबर उत्तर देणारा फक्त एक जण जरी ठेवला तरी दबून चुकीचं बोलणं एकदम घसरून साधारण पाव हिश्श्यावर आलं.

म्हणून संपूर्ण ग्रूप सुधारायच्या भानगडीत पडू नका. मुलाला विचारा, तुमच्यात असा कोण आहे ज्याला पण हे फारसं आवडत नाही? बहुतेक वेळा एक नाव येतंच. त्या दोघांनी आधीच ठरवून ठेवायचं की अमुक झालं तर आपण दोघं निघायचं. त्या दुसऱ्या मुलाला घरी येऊ द्या, त्याच्या आईवडिलांशी ओळख ठेवा.

"सगळेच करतात" याचं उत्तरही इथेच आहे. १९९३ मध्ये प्रेंटिस आणि मिलर यांनी प्रिन्स्टन युनिव्हर्सिटीतल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला होता, त्यात बहुतेकांना कॅम्पसवरची दारू स्वतःला तितकी पटत नव्हती, पण बाकीच्यांना ती पूर्ण पटते असं प्रत्येकाला वाटत होतं. सगळे एकमेकांकडे बघून गप्प. तर मूल "सगळेच करतात" म्हणालं की "सगळ्यांनी विहिरीत उडी मारली तर तू पण मारशील का" हे घासून गुळगुळीत झालेलं उत्तर सोडा, आणि विचारा, त्यातल्या कोणाला ते खरंच आवडतं असं तुला वाटतं, नावं घे बघू. नावं घेता घेता मुलं अडखळतात. तिथे जिंकल्यासारखं करू नका.

दुसरा ग्रूप

एकाच ग्रूपवर सगळी ओळख टांगलेली असेल तर तो तुटायची भीती मुलाला काहीही करायला लावते. खेळ, नाटक, वाद्य, ट्रेकिंग, लायब्ररी, काहीही चालेल, जिथे दुसरी मुलं आहेत आणि त्याला दुसऱ्या नावाने ओळखतात. आणि तिथे जरा मोठं कोणी असेल तर फारच चांगलं, कोच, दादा, ताई. २०१६ मधल्या एका अभ्यासात १८ ते २२ च्या मुलांच्या ग्रूपमध्ये त्यांच्यापेक्षा थोडा मोठा, पंचविशी ओलांडलेला एक जण बसवला तर त्यांची रिस्क एकट्याने असताना जेवढी तेवढ्यावर आली. घरातला मोठा चुलत-मावस भाऊ किंवा बहीण असेल तर या कामाला त्याच्यासारखं कोणी नाही, आईबाबांचं जे ऐकलं जात नाही तेच दादाने सांगितलं की पटतं.

चॅटवरून काढून टाकलं तर

मोठ्यांना ही क्षुल्लक गोष्ट वाटते, ती क्षुल्लक नाही. किपलिंग विल्यम्स यांचा चेंडू फेकण्याचा एक कॉम्प्युटर गेम आहे, त्यात दोन अनोळखी खेळाडू तुमच्याकडे चेंडू टाकणंच बंद करतात, एवढ्यानेसुद्धा मोठ्या माणसांना वाईट वाटतं. मग रोजच्या मित्रांनी मुलीला ग्रूपमधून काढलं, नवीन ग्रूप केला आणि ते तिला तिसऱ्याकडून कळलं, तर तिचं काय होत असेल. "फोन ठेव बाजूला, बरं झालं सुटलीस" म्हणू नका. बसा शेजारी, ऐका, लगेच कोणाच्या आईला फोन लावू नका, तिला विचारल्याशिवाय तर नाहीच. ती रात्र गेली की दुसऱ्या ग्रूपमधल्या एखाद्या मैत्रिणीला भेटायची सोय करा.

कधी मध्ये पडायचं

नशा, चोरी, मारामारी, पैसे मागून छळणं, फोटोंवरून धमकी, स्वतःला इजा करणं, यातलं काहीही दिसलं तर वर लिहिलेली सबुरी बाजूला ठेवा आणि सरळ मध्ये पडा, मूल रागावलं तरी. बाकी गोष्टींत धीर धरा, वय मदतीला येतं, स्टाइनबर्ग आणि मोनाहन यांच्या २००७ च्या अभ्यासात मित्रांच्या दबावासमोर टिकायची ताकद १४ ते १८ या वर्षांत सगळ्यात जास्त वाढताना दिसली होती.

शाळेशी किंवा काउन्सेलरशी बोलायची वेळ आली तर एक गोष्ट आवर्जून मागा. थॉमस डिशियन यांच्या टीमने १९९० च्या दशकात दाखवलं होतं की अडचणीतल्या मुलांनाच एकत्र बसवून कार्यक्रम घेतले की काही वेळा उलटंच होतं, नियम मोडल्याच्या गोष्टी सांगायच्या, बाकीच्यांनी हसायचं, आणि ते हसणंच बक्षीस ठरतं. त्यामुळे त्या चौघांना एकत्र समजवा असं म्हणू नका आणि शाळेने तसं सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा, प्रत्येकाशी वेगवेगळं बोलायला सांगा, आणि आपल्या मुलाला असा एखादा उपक्रम मिळतो का ते विचारा ज्यात बाकीची मुलं वेगळी असतील.