हिवाळ्यात ग्रँड कॅन्यनला आरव्ही नेण्याआधी: पाणी गोठू नये म्हणून करायची तयारी

नाताळच्या सुट्टीत फिनिक्सहून आरव्ही, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, घेऊन ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमला (दक्षिणेकडच्या कड्यावर) निघालात, तर निघताना अंगात स्वेटरही लागत नाही आणि पोहोचल्यावर चाकांखाली बर्फ असू शकतो. फिनिक्स साधारण ११०० फुटांवर, साउथ रिम सुमारे ७००० फुटांवर. डिसेंबर-जानेवारीत तिथे रात्री पारा २० फॅरनहाइटच्या, म्हणजे उणे ७ सेल्सिअसच्या आसपास येतो, कधी त्याहून बराच खाली. गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं आणि त्यात पंप, नळ्यांचे सांधे, टॉयलेटचा व्हॉल्व्ह तडकतात.

म्हणून तयारी घरापासूनच सुरू करायची. टॉर्च घेऊन गाडीत पाणी कुठून येतं, कुठे साठतं, कुठून जातं ते एकदा नीट बघून घ्या: पाण्याची टाकी, पंप, हीटर, सिंकखालच्या नळ्या, बाहेरचा शॉवर, आणि सांडपाण्याच्या व मैल्याच्या टाक्या. बाहेरचा शॉवर आठवणीने बघा, कारण तो पातळ दारामागे असतो आणि बहुतेक वेळा सगळ्यात आधी तोच गोठतो. गाडी भाड्याची असेल तर ताब्यात घेतानाच दोन गोष्टी विचारा. नळ्यांमध्ये गुलाबी अँटिफ्रीझ (थंडीत नळ्या तडकू नयेत म्हणून भरायचं द्रव) भरलेलं आहे का? असेल तर पाणी वापरण्याआधी सगळे नळ सोडून ते धुऊन काढावं लागेल. आणि फर्नेसची, म्हणजे गाडी गरम ठेवणाऱ्या प्रोपेन गॅसच्या भट्टीची, गरम हवा टाक्यांच्या कप्प्यापर्यंत जाते का? या दुसऱ्या उत्तरावर तुमची पूर्ण सहल अवलंबून आहे.

कारण असं की, ज्या गाड्यांत टाक्यांना ऊब मिळते त्यातल्या बऱ्याच गाड्यांत ती फर्नेसच्याच हवेतून मिळते. प्रोपेन वाचवायचा म्हणून आपण विजेचा छोटा हीटर लावतो. खोली छान उबदार होते, थर्मोस्टॅटला वाटतं काम झालं, फर्नेस सुरूच होत नाही आणि खाली टाकीपाशी मात्र थंडी साचत जाते. माणसं पांघरुणात आरामात झोपलेली आणि नळ्या गोठलेल्या, हे असं होतं. विजेचा हीटर जरूर न्या, पण रात्री मुख्य काम फर्नेसलाच करू द्या. त्यासाठी प्रोपेन वाटेतल्या फ्लॅगस्टाफ शहरातच भरून घ्या. ताशी ३०,००० बीटीयू (उष्णतेचं एकक) वापरणारी फर्नेस सलग चालली तर २० पौंडांचा सिलिंडर साधारण १४ तास पुरतो. फर्नेस मधूनमधून बंद होते म्हणून तो जास्त टिकतो, तरी कडाक्याच्या रात्री एका सिलिंडरच्या भरवशावर राहू नका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बटण दाबून तपासा. ऊब म्हणून गॅसची शेगडी पेटवून ठेवायची नाही, कितीही थंडी असली तरी.

साउथ रिमला ट्रेलर व्हिलेज या आरव्हीच्या तळावर पाणी, वीज, सांडपाणी असं सगळं जोडता येतं. मॅथर कॅम्पग्राउंडमध्ये जोडण्या नाहीत, त्यामुळे फर्नेसचा पंखा रात्रभर बॅटरीवर चालणार हे लक्षात ठेवून जागा निवडा. पाण्याचं कनेक्शन मिळालं तरी माझा आग्रह एकच: टाकी भरून घ्या, होज (पाण्याची लवचिक नळी) काढा, पूर्ण निथळवून आत ठेवा आणि पंपावर पाणी वापरा. साधा होज रात्रभर जोडून ठेवला तर सकाळी त्याची काठी झालेली असते. तापणारा होज मिळतो, चांगला असतो, पण तो फक्त स्वतःला वाचवतो. होज जिथे लागतो तो नळ आणि गाडीच्या बाजूचा सांधा उघडाच राहतो. तिथे हीट टेप (विजेवर तापणारी पट्टी) आणि वरून फोमचं वेष्टण लागतं. हँडलवाल्या हिवाळी नळाचा व्हॉल्व्ह जमिनीत खोल असतो आणि हँडल बंद केलं की वरच्या पाइपातलं पाणी खाली निचरून जातं. होज लावून नळ चालूच ठेवला तर हा निचरा होत नाही. त्यामुळे नळ बंद करून होज लगेच काढायचा.

सांडपाण्याचे व्हॉल्व्ह बंद ठेवा, टाकी बऱ्यापैकी भरली की एकदम रिकामी करा. व्हॉल्व्ह उघडा ठेवून नळ थेंबथेंब सोडला तर ते पाणी बाहेरच्या पाइपात थराथराने गोठून तो बुजतो. सांडपाण्याच्या आणि मैल्याच्या अशा दोन्ही टाक्यांत थोडं आरव्हीचं गुलाबी अँटिफ्रीझ ओता. गाडीच्या इंजिनातलं साधारणपणे विषारी असतं, ते पाण्याच्या व्यवस्थेत अजिबात नको.

झोपण्याआधी सिंकखालची कपाटं उघडी ठेवा. बिनतारी थर्मामीटरचा एक सेन्सर टाकीच्या कप्प्यात आणि स्क्रीन उशाशी ठेवा. कप्प्यात ३८ फॅरनहाइट दिसलं की उठून फर्नेस वाढवा, ३२ ची, म्हणजे पाणी गोठण्याची, वाट बघू नका. पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन आणि टॉयलेटसाठी एक बादली आत भरून ठेवा, विशेषतः भारतातून आलेले आईबाबा सोबत असतील तर. रात्री उठल्यावर नळ कोरडा निघाला तरी त्यांची अडचण होता कामा नये.

एवढं करूनही सकाळी पाणी आलं नाही, तर आधी पंप बंद करा. कपाटं उघडी, फर्नेस चालू, आणि गोठलेल्या जागी हेअर ड्रायर लांबून फिरवत राहा. ज्योत वापरू नका. पाणी सुटल्यावर सगळे नळ बंद ठेवून पंप चालू करा आणि कान देऊन ऐका. तो दाब भरून थांबला पाहिजे. कोणी नळ न उघडता तो मधूनमधून घरघरत असेल तर कुठेतरी गळती आहे. पंप बंद करून कप्पे कोरड्या फडक्याने पुसत, ओल कुठून येते ते शोधा.