लाखो नोंदी नकाशावर मांडण्यासाठी सॉफ्टवेअर कसे निवडावे

इंदूरच्या कचरागाड्यांचे उदाहरण घेऊ. समजा, पाचशे गाड्या रोज दहा तास फिरतात आणि दर दहा सेकंदांनी आपले स्थान कळवतात. अशा वेळी एका दिवसात १८ लाख नोंदी जमा होतात. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, त्यामुळे तो मार्ग पहिल्याच दिवशी बंद होतो. त्याहून मोठी अडचण पडद्याची आहे. फुल एचडी पडद्यावर एकूण २०,७३,६०० पिक्सेल असतात. दोन दिवसांच्या नोंदी नुसत्या बिंदूंच्या रूपात मांडल्या, तर राजवाडा आणि सराफ्याच्या परिसराचा एकसंध डाग होतो आणि त्यातून काहीच वाचता येत नाही. म्हणून सॉफ्टवेअर किती बिंदू दाखवू शकते याची चौकशी नंतर करावी. ते बिंदूंची गोळाबेरीज कुठे आणि कोणत्या पद्धतीने करते, हे आधी पाहावे.

त्यासाठी नकाशाकडून हवे असलेले उत्तर प्रश्नाच्या रूपात एका वाक्यात लिहून काढावे. ‘कोणत्या वॉर्डात गाडी उशिरा पोहोचते?’ या प्रश्नाला अखेरीस ८५ वॉर्डांच्या ८५ ओळीच लागतात. ‘गाड्यांची वर्दळ कुठे जास्त आहे?’ या प्रश्नात मात्र एक खाच आहे: डेपोत उभी असलेली गाडीही नोंदी पाठवत राहते, त्यामुळे घनतेच्या नकाशावर डेपोच सर्वांत गडद दिसतो. येथे नोंदी न मोजता वेगवेगळ्या गाड्या मोजणारे साधन हवे. ‘कोणत्या गल्लीत गाडी गेलीच नाही?’ हा प्रश्न सर्वांत कठीण आहे, कारण जिथे एकही बिंदू नाही ती जागा बिंदूंच्या नकाशावर उमटतच नाही. त्यासाठी ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांसाठी खुल्या नकाशावरून रस्त्यांचा थर घ्यावा लागतो आणि ज्या रस्त्याच्या जवळपास एकही नोंद नाही तो वेगळा काढावा लागतो.

हे शेवटचे काम पोस्टजीआयएससारख्या, नकाशावरील स्थाने हाताळणाऱ्या डेटाबेसचे आहे. त्यातील अवकाशीय इंडेक्समुळे, म्हणजे स्थानानुसार लावलेल्या सूचीमुळे, प्रत्येक रस्ता प्रत्येक नोंदीशी ताडून पाहावा लागत नाही. डेटाबेसला प्रश्न विचारण्याची एसक्यूएल ही भाषा शिकण्याचे कष्ट पडतात, परंतु डेटा दर महिन्याला वाढणार असेल तर ते कष्ट आधीच घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्या जोडीला क्यूजीआयएस वापरावे. २००२ पासून विकसित होत आलेले हे नकाशांचे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालते, आणि काही लाख नोंदींपर्यंत डेटाबेसशिवायही पुरते. मात्र फाइल शेपफाइल या जुन्या स्वरूपाऐवजी जिओपॅकेज या नव्या स्वरूपात साठवावी. शेपफाइलला २ जीबीची मर्यादा असते आणि स्तंभांची नावे दहा अक्षरांवर तुटतात.

झटपट पाहणीसाठी केप्लर जीएल उत्तम. उबरने २०१८ मध्ये खुले केलेले हे साधन ब्राउझरमध्ये, ग्राफिक्स कार्डाच्या बळावर चालते, आणि वेळेची पट्टी सरकवून दिवसभराची हालचाल पाहता येते. फाइल सर्व्हरवर न जाता आपल्याच ब्राउझरमध्ये उघडते, त्यामुळे घरांचे पत्ते असलेल्या डेटासाठी ते सोयीचे आहे. पण सगळ्या नोंदी मेमरीत चढत असल्याने साधा लॅपटॉप लवकर दमतो. नकाशा षटकोनी तुकड्यांत विभागणारी एच३ जाळी वापरल्यास पातळी काळजीपूर्वक निवडावी. नवव्या पातळीचा षटकोन सरासरी साडेदहा हेक्टरांचा असतो आणि त्यात कित्येक गल्ल्या सामावतात; दहाव्या पातळीचा दीड हेक्टरांचा असतो.

पायथन येणाऱ्यांनी कोट्यवधी बिंदूंसाठी डेटाशेडर पाहावे; ते बिंदूंची पिक्सेलनिहाय गोळाबेरीज करून चित्र बनवते. संकेतस्थळावर वॉर्डांचा नकाशा द्यायचा असेल तर वेब नकाशांसाठीची लीफलेट ही साधी प्रोग्रॅम-लायब्ररी पुरेशी आहे. मूळ बिंदूच द्यायचे असतील तर टिपेकॅनो या साधनाने व्हेक्टर टाइल्स, म्हणजे नकाशाच्या डेटाचे छोटे चौकोनी तुकडे, बनवून ते ब्राउझरमध्ये नकाशा रेखाटणाऱ्या मॅपलिब्रेवर दाखवावेत. आर्कजीआयएस या विकतच्या नकाशा-सॉफ्टवेअरचा परवाना कार्यालयात आधीपासून असेल तर ते वापरावे, पण केवळ या कामासाठी तो विकत घेण्याचे कारण मला दिसत नाही.

निवड पक्की करण्यापूर्वी प्रत्येक साधनात आपली संपूर्ण एका दिवसाची फाइल उघडून पाहावी. चार ओळींच्या नमुन्यावरून काही कळत नाही. इंदूरचे अक्षांश २२.७२ आणि रेखांश ७५.८६ यांची अदलाबदल झाली, तर सगळ्या गाड्या नॉर्वेच्या उत्तरेला बॅरेंट्स समुद्रात पोहोचतात. वॉर्डांची नावे क्रुतिदेव या युनिकोडपूर्व फाँटात टंकलेली असतील तर नकाशावर इंग्रजी अक्षरांची सरमिसळ उमटते, म्हणून ती आधी युनिकोडमध्ये बदलावीत. अंतर आणि क्षेत्रफळ मोजताना वेब मर्केटर प्रक्षेपण, म्हणजे वेब नकाशांत गोल पृथ्वी सपाट मांडण्याची रूढ पद्धत, टाळावे; इंदूरच्या अक्षांशावर ते अंतर सुमारे ८ टक्के आणि क्षेत्रफळ सुमारे १७ टक्के फुगवून दाखवते. त्याऐवजी पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे विभाग करणारी यूटीएम पद्धत घ्यावी; इंदूर आणि वडोदऱ्यासाठी तिचा ४३ उत्तर हा विभाग निवडावा, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये ईपीएसजी ३२६४३ हा संकेतांक. ग्वाल्हेर ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला असल्याने तेथे ४४ उत्तर, म्हणजे ३२६४४ लागतो.