पोकरमध्ये दिवस फिरले की काय करायचं, आणि दिवस चांगले असले की काय करायचं

नियम येतात, पोझिशन कळते, कुठून काय उघडायचं ते पाठ आहे असं धरून चालतोय. नसेल तर आधी तेवढं शिका, स्ट्रीकचा, म्हणजे सलग हरण्या-जिंकण्याचा, विचार नंतर.

आणि कायद्याचं आधीच सांगून टाकतो. मी ब्रिटनमध्ये राहतो, इथे लायसन्स असलेल्या साइटवर पैसे लावून पोकर खेळायला परवानगी आहे. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन मनी गेमवर बंदी आणणारा कायदा केला, त्यात कौशल्याचा खेळ की नशिबाचा हा फरकच ठेवलेला नाही, त्यामुळे पोकरही त्यात आलं. तिकडून व्हीपीएन लावून परदेशी साइटवर पैसे टाकायचा उद्योग करू नका, अडकले तर दाद मागायला जागा नाही. खाली लिहिलेलं गणित आणि सवयी खोट्या चिप्सवर खेळतानाही तशाच्या तशा लागू पडतात, तिथे सराव करा.

आता मुद्द्यावर. हरायला लागलं की चारी बाजूंनी सल्ले येतात. टेबल बदल, आज पानंच लागत नाहीयेत, थोडा वेळ बसून राहा म्हणजे फिरतील. आणि जिंकायला लागलं की म्हणतात फॉर्मात आहेस, लेव्हल वाढव, म्हणजे मोठ्या रकमेच्या टेबलवर जा. गणपतीत जागरणाला रात्रभर पत्ते कुटताना हे बोलणं ठीक आहे, पण पैशाच्या खेळात असल्या सल्ल्यांनी लोकांचं खरंच वाटोळं झालेलं मी बघितलंय. पानांना आठवण नसते. मागच्या वीस डावांत काय झालं ते पुढच्या डावाला माहीतच नसतं.

आधी आकडे बघा, आणि खेळायला बसायच्या आधी बघा

उदाहरण १०/२५ सेंटच्या, सहा जणांच्या नो-लिमिट टेबलचं घेतो, बाय-इन, म्हणजे टेबलवर घेऊन बसायची रक्कम, २५ डॉलर. समजा तुम्ही खरोखर चांगले खेळाडू आहात आणि रेक (साइट प्रत्येक पॉटमधून कापते ते) जाऊन १०० हँडला, म्हणजे डावांना, ५ बिग ब्लाइंड (इथे एक म्हणजे २५ सेंट) कमावता. या खेळात चढउतार मोठा असतो, स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे निकाल सरासरीपासून साधारण किती लांब जातो ते माप, १०० हँडला १०० बिग ब्लाइंडच्या आसपास धरा. १०,००० हँडमध्ये तुमची अपेक्षित कमाई ५ बाय-इन, पण वरखाली व्हायची सहज शक्यता १० बाय-इन. म्हणजे चांगला खेळाडू असूनही १०,००० हँडनंतर तुम्ही तोट्यात असायची शक्यता ३१ टक्के. चार टेबलं लावून रोज तासभर बसलात तर १०,००० हँड म्हणजे एक महिना झाला. पूर्ण महिना नीट खेळून तीनातल्या जवळपास एका वेळी खिसा हलका, आणि त्यात तुमची चूक काहीच नाही. १ लाख हँडनंतरसुद्धा ही शक्यता ५-६ टक्के उरते.

आता उलटं बघा, हे कोणी बघत नाही. समजा दुसरा एक जण १०० हँडला ३ बिग ब्लाइंड हरणारा आहे, कच्चा खेळाडू. तोही १०,००० हँडनंतर फायद्यात असायची शक्यता ३८ टक्के आहे! महिनाभर जिंकतोय म्हणून तो स्वतःला शार्क समजतो, चार मित्रांना शिकवतो, आणि लेव्हल वाढवतो. ३१ आणि ३८ हे दोन आकडे कागदावर लिहून स्क्रीनशेजारी चिकटवा, माझ्याकडे आहेत.

साइट फिक्स आहे असं वाटणाऱ्यांसाठी एवढंच, की गोव्यात मांडवीवरच्या कॅसिनोत लाइव्ह टेबलवर तासाला २५-३० डाव होतात आणि ऑनलाइन चार टेबलांवर ३०० च्या पुढे. एक्क्यांची जोडी किंग्जसमोर (राजांच्या जोडीसमोर) साधारण १८ टक्के वेळा हरतेच, दहापट डाव खेळलात तर ते दहापट वेळा दिसणारच. हातात किंग्ज असताना समोरच्या पाचांपैकी कोणाकडे तरी एक्के असणं हे ४० त एकदा होतं. तरीही शंका असेल तर स्वतःची हँड हिस्टरी काढून मोजा, एक्क्यांची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते.

लेव्हलचे नियम लिहून ठेवा

२५ डॉलर बाय-इनच्या लेव्हलला किमान ४० बाय-इन, म्हणजे १,००० डॉलर, आणि ते घरखर्चाचे नाहीत, उसने नाहीत. ६२५ वर आले की खाली उतरायचं, २,००० झाले की वर जायचं. विषय संपला. यात 'आज बरं वाटतंय' ला जागा नाही.

हे फक्त आपल्यासारख्या लहान खेळाडूंसाठी आहे असं समजू नका. २००९ च्या शेवटी फुल टिल्ट या पोकर साइटवर इसिल्डुर१ या नावाने एक जण जगातल्या सगळ्यात मोठ्या टेबलांवर खेळायचा, पुढे २०११ मध्ये तो स्वीडनचा व्हिक्टर ब्लोम आहे हे कळलं. नोव्हेंबरात लाखो डॉलर वर होता, डिसेंबरात ब्रायन हेस्टिंग्जसमोर एका दिवसात जवळपास ४२ लाख डॉलर गेले. खेळ येत नव्हता असं कोणीच म्हणणार नाही, २०१२ मध्ये बहामाजमधली मोठी स्पर्धा त्यानेच जिंकली. एवढी ताकद असलेल्या माणसालाही तो उतार चुकला नाही, मग बँकरोलमधला (खेळासाठी बाजूला ठेवलेल्या पैशातला) मोठा वाटा एका टेबलवर मांडून आपण कोण सुटणार?

बसल्यावर

तीन बाय-इन गेले की उठायचं. दीड तास झाला की उठायचं, जिंकत असलात तरी. स्टॉप-लॉसचं, म्हणजे ठरलेला तोटा झाला की उठायचं, याचं कारण मात्र लोक चुकीचं सांगतात. नशीब संपलंय म्हणून उठायचं नसतं, पुढचा डाव तुमच्यासाठी आधीइतकाच चांगला असतो. उठायचं कारण तीन बाय-इन गेल्यावर तुम्ही आधीसारखे खेळत नाही. टिल्ट, म्हणजे हरल्यावर डोकं ठिकाणावर नसताना खेळणं, म्हणजे माऊस आपटणं नव्हे, बहुतेक वेळा तो एकदम शांत असतो. कॉलचं बटण अर्धा सेकंद आधी दाबलं जातं, पाचवं टेबल कधी उघडलं ते आठवत नाही, के-नऊ ऑफसूट (राजा आणि नव्वी, वेगवेगळ्या रंगांचे) सगळ्यात आधी बोलायच्या जागेवरून 'एकदाच' खेळलं जातं, आणि नजर पॉटवर नसून वरच्या कोपऱ्यातल्या बॅलन्सवर असते. यातली एक जरी गोष्ट दिसली तरी मी पुढचा ब्लाइंड आला की उठतो. बॅलन्स दाखवणारा कोपरा सेटिंगमध्ये जाऊन झाका, बहुतेक साइटवर तशी सोय असते.

आता खरी अवघड पायरी: नशीब खराब की खेळ खराब

मला सगळ्यात जास्त जड गेलेली गोष्ट हीच, आणि यावर मिळणारा सल्ला सगळ्यात टाकाऊ. सगळे म्हणतात 'तुझे हँड रिव्ह्यू कर'. ठीक आहे, पण कुठले? माणूस काय करतो, की सगळ्यात मोठे हरलेले पॉट काढून बसतो. त्यात एक्के विरुद्ध किंग्ज, सेट विरुद्ध सेट, प्रीफ्लॉप ऑल-इन, यात शिकण्यासारखं काहीच नसतं, पैसे तसेच जायचे होते. पण ते बघून मनाची समजूत पटते की आपलं नशीबच वाईट होतं. दुसरं म्हणजे ट्रॅकर (डावांची नोंद ठेवणाऱ्या) सॉफ्टवेअरमधली ऑल-इन ईव्हीची रेघ, म्हणजे ऑल-इन झाल्यावर शक्यतेनुसार सरासरी किती मिळायला हवं होतं ते. प्रत्यक्ष कमाईची रेघ तिच्या खाली गेली की लोक खूश, बघा मी कमनशिबी आहे! ती रेघ फक्त ऑल-इन झाल्यानंतरचं नशीब मोजते. ऑल-इन व्हायला नको होतं का, रिव्हरला कॉल करायला नको होता का, यातलं काही ती सांगत नाही. समाधानासाठी तिच्याकडे बघत असाल तर ती रेघ बंद करून टाका.

मी असं करतो. त्या रात्री काहीही बघायचं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी बसायचं. फिल्टर लावून २० ते १०० बिग ब्लाइंडमधले पॉट काढायचे, प्रीफ्लॉप ऑल-इन वगळायचे, आणि ज्यात टर्न किंवा रिव्हरला खरा निर्णय होता तेवढेच ठेवायचे. समोरच्याची पानं आणि निकाल झाकायचा. मग प्रत्येक ठिकाणी किती टक्के जिंकायला हवं ते आधी लिहायचं, मग समोरचा कुठल्या पानांनी असा खेळतो ते लिहायचं, आणि नंतरच निकाल उघडायचा.

एक हँड जवळून बघू. तुमच्याकडे इस्पिक एक्का आणि चौकट राणी, कटऑफवरून ६० सेंट, बिग ब्लाइंडचा कॉल, पॉट १.३०. फ्लॉपवर बदाम राणी, बदाम अठ्ठी, किलवर पंजी. तुमचे ८० सेंट, कॉल, पॉट २.९०. टर्नला इस्पिक सत्ती. तुमचे २ डॉलर, तो ६.५० करतो. आता तुम्हाला ४.५० घालायचेत, घातल्यावर पॉट १५.९०, म्हणजे २८ टक्के जिंकायला हवं. चला, कॉल, त्याच्याकडे अजून पुरे न झालेले ड्रॉ असू शकतात. रिव्हरला बदाम दुरी. तो उरलेले १७.१० ढकलतो. आता ५०.१० च्या पॉटसाठी १७.१० भरायचे, ३४ टक्के लागतात.

इथे प्रश्न फक्त एकच. टर्नला रेज करून, रिव्हरला बदामाचा ड्रॉ पुरा झाल्यावर सगळे पैसे ढकलणारा या लेव्हलचा खेळाडू तीनातल्या एका वेळी ब्लफ करतो का? नाही करत. मी अशी ठिकाणं पुन्हा पुन्हा तपासली आहेत, या लेव्हलला लोक असं ब्लफ करत नाहीत, त्याने बदाम नव्वी-छक्की उघडली तर आश्चर्य वाटायला नको, टर्नलाच त्याची स्ट्रेट झालेली होती. पण टेबलवर बसलेल्या माणसाच्या डोक्यात 'टॉप पेअर, टॉप किकर, आणि रिव्हरला नेमका बदाम आला' एवढंच राहतं आणि ते नशिबाच्या खात्यात जमा होतं. ते १७ डॉलर नशिबाने नाही गेले, कॉलच्या बटणाने गेले. डाउनस्विंगमध्ये (हरण्याच्या लांब उतारात) असे दोन-तीन कॉल रोज लपलेले असतात आणि खऱ्या कूलरच्या (दोघांकडे जबर पानं असल्याने टाळता न येणाऱ्या हारांच्या) गर्दीत ओळखू येत नाहीत.

आणि आता जे अगदी ठासून सांगायचंय ते: अर्धे हँड जिंकलेले घ्या. हरलेलेच हँड तपासत राहिलात तर दुधाने तोंड पोळलेल्या माणसासारखं ताकही फुंकून प्यायला लागाल, प्रत्येक रिव्हरला फोल्ड, आणि मग समोरचे तुम्हाला लुटतात. वरचाच हँड घ्या, समजा एखाद्या दिवशी तोच कॉल केला आणि समोरच्याने खरंच ब्लफ दाखवला. ५० डॉलरचा पॉट आला, छाती फुगली, आणि तीच चूक आता तुमच्या खेळाचा भाग झाली. चांगल्या दिवसांत चुकीचे पैसे मिळतात, म्हणून तेव्हाच चुका मुरतात आणि पुढच्या उतारात व्याजासकट बाहेर येतात. अपस्विंगमध्ये (जिंकण्याच्या चढात) रिव्ह्यू सोडणाऱ्या माणसाला मी पोकरबद्दल काहीच शिकवायला जात नाही, आधी रिव्ह्यू सुरू कर म्हणतो.

वीस-पंचवीस हँडनंतर चित्र दिसतं. निर्णय बरोबर आणि पैसे गेले, तर काही बदलू नका. खरंच काही बदलू नका, रेंज (कुठली पानं खेळायची) नाही, साइझिंग (किती लावायचं) नाही. चुका सगळीकडे पसरलेल्या असतील तर लेव्हल खाली आणि अभ्यास. चुका फक्त सेशनच्या शेवटच्या अर्ध्या तासातच असतील तर खेळ ठीक आहे, वेळ कमी करा.

जिंकत असताना

वरचा २,००० चा नियम मोडायचा नाही, महिन्याच्या एक तारखेला ठरलेल्या रकमेच्या वरचे पैसे बँकेत काढायचे. टेबलं वाढवायची नाहीत. नोकरी सोडायचा विचार १ लाख हँडच्या आत तर करूच नका, आकडे वर दिलेत.

थांबायची वेळ

डिपॉझिट लिमिट पहिल्याच दिवशी लावा, हरल्यावर लावतो म्हणणारा लावत नाही. इथे ब्रिटनमध्ये १४ एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डने जुगार खेळायला बंदी आहे, पण लोक लोन काढून डेबिट कार्डातून भरतात. तसं केलंत, घरी रक्कम खोटी सांगितलीत किंवा झोपेतून उठून खेळायला बसलात, तर हा डाउनस्विंगचा प्रश्न उरलेला नाही आणि कुठलाही रिव्ह्यू कामाचा नाही. ब्रिटनमध्ये असाल तर गॅमस्टॉपवर नाव टाका, सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं, इथल्या लायसन्सवाल्या सगळ्या ऑनलाइन साइट एकदम बंद होतात आणि मुदत संपेपर्यंत ते मागे घेता येत नाही. भारतात असाल तर मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फोन करा आणि घरातल्या एका माणसाला खरी रक्कम सांगा.

साधा उतार असेल आणि आठवडाभर सुट्टी घेऊन परत येत असाल तर एक लेव्हल खाली, चार नाही दोन टेबलं, ४५ मिनिटं. पहिले काही दिवस बॅलन्स उघडायचाच नाही, फक्त सकाळचा रिव्ह्यू. त्यात सेशनच्या शेवटच्या पंधरा मिनिटांतले निर्णय पहिल्या पंधरा मिनिटांसारखेच दिसायला लागले की तिसरं टेबल लावा.