संडे स्कूल कसं घ्यायचं: आधी गोष्ट पूर्ण सांगा

संडे स्कूल म्हणजे रविवारी चर्चमध्ये भरणारा मुलांचा बायबलचा वर्ग. बऱ्याच चर्चमध्ये असं होतं की तिथल्या नवीन टीचरच्या हातात एक पुस्तक आणि खडूंचा डबा देतात आणि सांगतात, पुढच्या रविवारपासून मुलांना तुम्ही घ्या. मला पण तसंच सांगितलं होतं. पहिली दोन-तीन वर्षं माझं ठरलेलं होतं, गोष्ट सांगायची, शेवटी त्यातून काय शिकलो ते सांगायचं, चित्र रंगवायला द्यायचं, बायबलमधलं एखादं वचन पाठ करून घ्यायचं, झालं. मुलं खुश, आईवडील खुश. मग हीच मुलं तेरा-चौदा वर्षांची झाली आणि एकेक करून यायची बंद झाली. मला कळेचना चुकलं कुठे. आज मला वाटतं आपण त्यांना अर्धीच गोष्ट सांगत होतो, गोड वाटेल तेवढी, आणि घरात खरंच काही अवघड घडलं तेव्हा त्यांना वाटलं की बायबलमध्ये याच्याबद्दल काही नसणारच.

म्हणून नवीन टीचर्सना मी पहिली गोष्ट हीच सांगते, धडा पूर्ण वाचा. छोट्या शमुवेलाची गोष्ट घ्या, बायबलमधल्या 1 शमुवेल या पुस्तकाचा तिसरा अध्याय. शमुवेल मंदिरात एली नावाच्या याजकाच्या हाताखाली सेवा करतोय. रात्र आहे, देवाचा दिवा अजून विझलेला नाही, एली म्हातारा झालाय, त्याला नीट दिसत नाही. हाक येते, मुलगा धावत एलीकडे जातो, असं तीन वेळा होतं, मग एलीला समजतं की हाक कोणाची आहे, आणि चौथ्यांदा शमुवेल म्हणतो, बोल, तुझा दास ऐकत आहे. इथे आपण थांबतो आणि म्हणतो, तर मुलांनो, आपण पण देवाचं ऐकलं पाहिजे. पण गोष्ट इथे संपतच नाही! देव त्याला जे सांगतो ते एलीच्याच घराबद्दल आहे, आणि ते फार कठोर आहे. शमुवेल सकाळपर्यंत पडून राहतो, उठून मंदिराचे दरवाजे उघडतो आणि एलीला सांगायला घाबरतो. मी हा भाग पहिल्यांदा सांगितला तेव्हा वर्गात एकदम शांतता झाली आणि नऊ-एक वर्षांचा मुलगा म्हणाला, "टीचर, त्याला झोप लागली असेल का मग?" मी काहीच उत्तर दिलं नाही, उलट विचारलं की तुला काय वाटतं, आणि पुढची दहा मिनिटं मुलंच बोलत होती, ज्याच्यावर आपला जीव आहे त्याला वाईट बातमी सांगायची वेळ येते तेव्हा पोटात कसं होतं त्याच्याबद्दल. असं मी पुस्तकातलं तात्पर्य सांगून कधी घडवू शकले नसते.

तयारी अशी करा. सोमवारीच धडा वाचा आणि रोज एकदा वाचत राहा, शनिवारपर्यंत तो तुमच्या तोंडात बसला पाहिजे म्हणजे रविवारी फोनमध्ये बघून वाचावं लागणार नाही, मुलांच्या डोळ्यात बघून सांगता येईल. लहान मुलांसाठी सात-आठ मिनिटं पुरे. सांगून झालं की लगेच प्रश्न विचारू नका, अर्धा मिनिट गप्प बसा, सुरुवातीला अवघडल्यासारखं होतं पण मुलांना ते लवकर जमतं, मोठ्यांनाच जमत नाही. मग खुले प्रश्न विचारा, तुला कुठला भाग आवडला, तू तिथे असतास तर कुठे उभा राहिला असतास, काय पटलं नाही. "शमुवेलाला किती वेळा हाक आली" हा प्रश्न वाईट नाही, पण त्यावर चॉकलेट ठेवलं की वर्गाची स्पर्धा होते आणि हळू बोलणारी पोरं कायमची मागे पडतात.

पाठांतर मात्र सोडू नका. आजकाल काही जण म्हणतात पाठांतर जुनाट आहे, मला ते पटत नाही, कारण आजारपणात आणि भीतीत माणसाला पाठ असलेलंच आठवतं. फक्त सुटी सुटी वचनं देण्यापेक्षा सलग काहीतरी द्या. स्तोत्र 23 मध्ये सहाच वचनं आहेत, दर रविवारी एक घेतलं तर सहा आठवड्यात पूर्ण स्तोत्र मुलाचं होतं. हातवारे करून म्हणा, कुजबुजत म्हणा, एका ओळीनंतर दुसऱ्याने पुढे न्यायचं असं म्हणा.

आता घराबद्दल. आठवड्यात 168 तास असतात आणि आपल्याकडे त्यातला एक, तोही सुट्ट्या आणि लग्नं वगळून. रॉबर्ट रेक्सने 1780 साली इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरला रविवारची शाळा सुरू केली ती आठवडाभर कामाला जाणाऱ्या गरीब पोरांना वाचायला शिकवण्यासाठी, रविवारीच ती मोकळी असायची म्हणून. घरच्यांचं काम शाळेने घ्यावं असा त्यात हेतू नव्हता. त्याच्याही आधी, 1529 मध्ये जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने लहान कॅटेकिझम, म्हणजे विश्वासाची प्रश्नोत्तरं, लिहिला तर त्यात एकेका भागावर लिहिलंय की घरातल्या मोठ्याने हे घरच्यांना सोप्या पद्धतीने शिकवावं. आणि बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाचा सहावा अध्याय तर अगदी स्पष्ट आहे, देवाच्या आज्ञा मुलांना शिकवा, घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. पण आईवडिलांना नुसतं "घरी शिकवा" म्हटलं की ते घाबरतात, त्यांना वाटतं आपल्याला कुठे एवढं येतं. म्हणून मी त्यांना धडा पाठवत नाही, दर रविवारी व्हॉट्सॲपवर एकच प्रश्न पाठवते जो मुलाने आईबाबांना विचारायचा असतो. तुम्ही माझ्याएवढे होता तेव्हा प्रार्थना कशी करायचात? तुम्हाला देवाचा कधी राग आला होता का? एका बाबांनी मला नंतर सांगितलं की त्या प्रश्नावर ते आणि मुलगी रात्री उशिरापर्यंत बोलत बसले होते.

टीनएजर्सचं वेगळं आहे. त्यांना लहान मुलांच्या वर्गाची मोठी आवृत्ती देऊ नका, ते चालत नाही. एक डबा ठेवा, नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची, आणि दर आठवड्याला दोन चिठ्ठ्या उघडून त्यावर खरंच बोला. नरक, विज्ञान, दुसऱ्या धर्माचे मित्र, स्वतःच्या शरीराबद्दलची लाज, सगळं येतं. ज्याचं उत्तर तुम्हाला येत नसेल तिथे सरळ म्हणा की मला माहीत नाही, मी वाचून पुढच्या रविवारी सांगते, आणि पुढच्या रविवारी खरंच सांगा, विसरलात तर डबा रिकामा व्हायला वेळ लागत नाही. शंका विचारली म्हणून कुणाचा चेहरा पडेल असं काही बोलू नका. येशूचा शिष्य थोमा याची गोष्ट आपण त्याला नावं ठेवायला वापरतो, पण योहान 20 नीट वाचा, येशू पुन्हा उठला यावर पाहिल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही असं त्याने स्पष्ट सांगितलं होतं आणि आठ दिवसांनी तो त्याच घरात बाकीच्यांबरोबर बसलेला होता. त्याला कुणी बाहेर काढलं नव्हतं. आपल्या तरुणांना ते आठ दिवस मिळतात का, हे मी स्वतःला सारखं विचारते.

त्यांना दुःख बोलायला पण शिकवा. स्तोत्र 13 वाचून घ्या, पहिल्या दोनच वचनात चार वेळा "कोठवर" आलंय. मग प्रत्येकाला कोरा कागद द्या आणि चार गोष्टी लिहायला सांगा, देवाला हाक, तक्रार, मागणं, आणि शेवटी विश्वासाचं एक वाक्य. एका वर्षी एका मुलीने, जिची आजी सगळ्यांनी प्रार्थना करूनही गेली होती, तीन भाग भरले आणि चौथी जागा कोरी ठेवली. मी तिला ती भरायला लावली नाही. तिला स्तोत्र 88 दाखवलं, जे अंधारातच संपतं आणि तरी बायबलमध्ये आहे. ती बराच वेळ ते पान बघत बसली.

भीती घालून निर्णय घ्यायला लावू नका. दिवे मंद करून, म्युझिक लावून, हात वर करा म्हटलं की मुलं टीचरला खुश करायला हात वर करतात. बाप्तिस्मा असो नाहीतर दृढीकरण (बाप्तिस्म्याचा विश्वास मोठेपणी स्वतः कबूल करण्याचा विधी), ठराविक वय झालं म्हणून रांगेत उभं करण्यापेक्षा एकेकाशी निवांत बोला.

आणि काम द्या, खरं काम. शास्त्रपाठ वाचणं, साऊंड सांभाळणं, वयस्कर लोकांना भेटायला जाताना बरोबर नेणं. मुलाने वाचलं की टाळ्या वाजवू नका, मोठ्यांसाठी वाजवता का? लूक 2 मध्ये बारा वर्षांचा येशू मंदिरात शिक्षकांच्या मध्ये बसून ऐकतोय आणि प्रश्न विचारतोय, म्हणजे मोठ्यांनी त्याला बसायला जागा दिली होती.

सुरक्षिततेवर तडजोड नाही. वर्गात नेहमी दोन मोठी माणसं, दार उघडं, मुलाशी एकट्याने खाजगी चॅट नाही, ग्रुपमध्ये पालक असलेच पाहिजेत. एखाद्या मुलाने काही वाईट घडल्याचं सांगितलं तर "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, उलटतपासणी करू नका, शांतपणे ऐका, तू सांगितलंस ते बरं केलंस म्हणा आणि त्याच दिवशी कायद्याप्रमाणे कळवा, चर्चचं नाव खराब होईल असं कुणी म्हटलं तरी.

शेवटचं, एक वही ठेवा, प्रत्येक मुलाला एक पान. हजेरी नाही, त्याने काय विचारलं, परीक्षा कधी आहे, घरी कोण आजारी आहे. शनिवारी रात्री ती वही उघडून एकेका नावाने प्रार्थना करा. कुणी सलग दोन रविवार आलं नाही तर फोन करा, पण "का आला नाहीस" ने सुरुवात करू नका. पान बघा आणि तिथूनच बोला, आजीचं ऑपरेशन झालं का रे?