जुन्या बुलेटला हलकी साईडकार कशी जोडावी

साईडकार जोडणं म्हणजे चार बोल्ट आवळणं, या समजुतीने बरेच जण गाडी थेट वेल्डरकडे नेतात. गाडी जोडली जाते, पण रस्त्यावर आली की डावीकडे ओढत राहते आणि चालवणाऱ्याचे हात दुखून येतात. या कामात पान्यापेक्षा टेप आणि दोरी जास्त वेळ हातात असायला हवी. बोल्ट शेवटी.

उदाहरणाला कास्ट आयर्न इंजिनाची जुनी बुलेट 350 घेऊ, कारण आपल्याकडे जुन्या गाड्यांमध्ये तीच सगळ्यात जास्त सापडते. इंजिन 346 सीसीचं, ताकद 18 अश्वशक्ती. तेव्हा साईडकार हलकीच हवी. ढोबळ हिशेब असा, की साईडकारचं वजन गाडीच्या वजनाच्या एक तृतीयांशाच्या आसपास ठेवावं. म्हणजे साधारण 55 ते 60 किलो: नळ्यांची चेसिस, पातळ पत्र्याची किंवा फायबरची बॉडी आणि एक सीट. मोठ्या, दोन सीटच्या साईडकारला हे इंजिन चढावर पुरत नाही.

आधी कागदपत्रं. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 2(27) मधल्या मोटारसायकलच्या व्याख्येत काढता-घालता येणारी साईडकार धरलेली आहे. तरीही कलम 52 प्रमाणे वाहनातल्या बदलाला परवानगी लागते. म्हणून काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारा, परवानगी लेखी घ्या आणि आरसी बुकात नोंद करून घ्या. विमा कंपनीलाही कळवा. नोंद नसेल तर अपघातानंतर दाव्यावर वाद होऊ शकतो.

जोडण्याआधीची कामं

हा टप्पा कंटाळवाणा आहे, पण नंतर सगळं डावीकडून झाकलं जातं. या बुलेटची क्लच, प्रायमरी चेन (इंजिनाचा जोर क्लचपर्यंत नेणारी), मागची चेन आणि मागचा ब्रेक डाव्या अंगाला आहेत आणि ब्रेकचं पायडलही डावीकडेच. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, म्हणून साईडकारही डावीकडेच बसते. नंतर क्लच प्लेट बदलायची म्हटली की आधी साईडकार सोडवा, असा प्रकार होतो. किक आणि गिअर उजवीकडे आहेत हे त्यातल्या त्यात नशीब.

गिअरबॉक्सचं पुढचं स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) एखाद्या दाताने लहान करायचं असेल तर ते आत्ताच करा. ते क्लचच्या मागे असतं, त्यामुळे प्रायमरी चेनचं झाकण आणि क्लच उघडावं लागतं. लहान स्प्रॉकेटने वेग कमी होतो, पण चढावर इंजिन धापा टाकत नाही.

कोन सेट (हॅण्डलच्या मानेतले बेअरिंग), स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश, चाकांचे बेअरिंग आणि आरे तपासा. दुचाकी वळताना कलते, त्यामुळे चाकावर आडवा जोर फारसा येत नाही. साईडकार लावल्यावर गाडी कलत नाही आणि तो सगळा जोर आऱ्यांवर येतो. एकही आरा सैल नको. साइड स्टँड काढून टाका, तो आता मध्ये येणार. मागचे शॉकअप मऊ पडले असतील तर बदला.

कुठे धरायचं

चार ठिकाणी धरायचं: दोन खाली, दोन वर. हलकी साईडकार आहे म्हणून तीनवर भागेल असं म्हणू नका.

या बुलेटच्या फ्रेमला इंजिनाच्या खालून जाणारी नळी नसते. पुढची नळी इंजिनाच्या प्लेटपाशी संपते आणि इंजिनच फ्रेमचा भाग बनतं. म्हणून खालच्या जोडांसाठी वेगळी सबफ्रेम बनवून घ्या: पुढच्या इंजिन प्लेटपासून मागे गिअरबॉक्सखालच्या बोल्टांपर्यंत जाणारी, सगळी बोल्टवर बसणारी. वरचा पुढचा जोड टाकीखाली, स्टिअरिंग नेकच्या जवळ नळीवर आणि वरचा मागचा सीटखाली फ्रेमवर.

फ्रेमला वेल्डिंग करू नका, भोकही पाडू नका. जुन्या गाडीची मूळ फ्रेम ही तिची खरी किंमत असते, शिवाय वेल्डिंगच्या शेजारी नळी कमकुवत होते. नळीचा व्यास व्हर्नियरने मोजून त्याच मापाचे दोन अर्ध्यांचे क्लॅम्प लेथवर करून घ्या. सायलेन्सरचे यू-क्लॅम्प इथे चालत नाहीत. बोल्ट 8.8 ग्रेडचे (हा ताकदीचा आकडा), नट नायलॉकचे, म्हणजे आपोआप सैल न होणारे.

तीन मापं

सपाट जमीन शोधा. खात्री नसेल तर फरशीवर तांब्याभर पाणी ओता, ते कुठे पळतं ते कळेल. टायरमध्ये नेहमीची हवा भरा आणि मापं घेताना सीटवर तुमच्या वजनाच्या माणसाला बसवा.

पहिलं माप: साईडकारचं चाक गाडीच्या मागच्या चाकाच्या पुढे असावं. दोन्ही आसांमधलं अंतर 150 ते 200 मिमी. हे कमी पडलं तर उजव्या वळणावर गाडी साईडकारच्या नाकाकडे झुकते, जास्त झालं तर टायर घासतो आणि हॅण्डल जड होतं.

दुसरं माप: साईडकारचं चाक पुढच्या बाजूला किंचित गाडीकडे वळलेलं हवं. स्लायडिंग खिडक्यांच्या दुकानातून ॲल्युमिनियमचे दोन सरळ चौकोनी पाइप आणा. एक गाडीच्या दोन्ही चाकांना लावून ठेवा, दुसरा साईडकारच्या चाकाला. पुढचा-मागचा टायर वेगळ्या रुंदीचा असेल तर फरकाच्या निम्म्या जाडीची पट्टी घाला. पाइपांमधलं अंतर पुढच्या चाकाच्या पुढे आणि मागच्या चाकाच्या मागे मोजा. पुढचं 15 ते 20 मिमीने कमी भरायला हवं.

तिसरं माप: गाडी स्वतः किंचित उजवीकडे, म्हणजे साईडकारपासून दूर कललेली हवी. साधारण 1 ते दीड अंश. गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी असताना हॅण्डलची दोन्ही टोकं जमिनीपासून सारख्या उंचीवर आहेत ना, ते आधी पाहा. मग वरचे जोड कमी-जास्त करा. टोकांमध्ये 700 मिमी अंतर असेल तर डावं टोक उजव्यापेक्षा 12 ते 18 मिमी वर यायला हवं.

एक माप बदललं की उरलेली दोन हलतात. म्हणून तिन्ही पुन्हा तपासा आणि मगच बोल्ट पूर्ण आवळा.

साईडकारला पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा लावा. गाडीची वीज जुनी, 6 व्होल्टची असेल तर त्याच व्होल्टचे, कमी वॉटचे बल्ब घ्या.

मैदानात

पहिली चक्कर रिकाम्या मैदानावरच मारा, साईडकारमध्ये 25-30 किलोचं वाळूचं पोतं बांधून. माणूस नको. दुचाकीची सवय इथे उलटी पडते: कलून वळता येत नाही, हॅण्डल खरोखर फिरवावं लागतं. थ्रॉटल दिला की गाडी डावीकडे ओढते, ब्रेक लावला की उजवीकडे. डावं वळण जपून घ्या, कारण साईडकारचं चाक तिथेच उचलतं. उचललंच तर थ्रॉटल कमी करा आणि हॅण्डल थोडं उजवीकडे सोडा, ते खाली बसतं. मुद्दाम हळू वेगात दोन-चारदा करून पाहा, म्हणजे रस्त्यावर घाबरायला होणार नाही.

एका वेगाने सरळ जाताना गाडी सतत डावीकडे ओढत असेल तर कल (तिसरं माप) थोडा वाढवा, उजवीकडे ओढत असेल तर कमी करा. आपले रस्ते कडेला उतरते असतात, म्हणून हे माप ज्या रस्त्यावर रोज जाणार तिथेच पक्कं करा. हळू वेगात हॅण्डल थरथरणं बहुतेक जुन्या गाड्यांत होतं. स्टिअरिंगवर डॅम्परची (हॅण्डलची थरथर दाबणारी) मूठ असेल तर ती थोडी आवळा. साईडकारच्या टायरची नक्षी लवकर घासू लागली तर दुसरं माप जास्त झालं आहे.

पहिल्या 50 किलोमीटरनंतर सगळे क्लॅम्प पुन्हा आवळा, 200 किलोमीटरनंतर आणखी एकदा. आवळून झाल्यावर क्लॅम्पच्या कडेला नळीवर रंगाची बारीक रेघ ओढा. क्लॅम्प सरकला तर तीवरून लगेच दिसेल.