टोमॅटो न चिरडता उचलणारं मऊ बोट थ्रीडी प्रिंटरवर कसं करायचं

हार्वर्डवाल्यांनी २०१६ ला ऑक्टोबॉट नावाचा ऑक्टोपससारखा रोबो केला, बॅटरी नाही वायर नाही, सगळंच मऊ, पण घरी तेवढं जमणार नाही, आपण हवेवर वाकणाऱ्या एका बोटापासून सुरू करू, साधा एफडीएम प्रिंटर (प्लास्टिकची तार वितळवून थर रचणारा) नि टीपीयूचं, म्हणजे रबरासारख्या लवचिक प्लास्टिकच्या तारेचं, एक रीळ असलं की झालं.

बोटाची एक बाजू सपाट नि जाड ठेवा, दुसऱ्या बाजूला पेटीच्या भात्यासारख्या घड्या. हवा भरली की घड्या उघडतात, सपाट बाजू काय लांबत नाही, मग बोट सपाट बाजूकडं वाकतं. घड्यांची भिंत ०.८ ते १.२ मिमी बास. आतल्या पोकळीत सपोर्ट (प्रिंट होताना खालून दिलेला तात्पुरता आधार) देऊ नका, एकदा बंद झाल्यावर काढणार कुठनं? आतली छतं ४५ अंशाच्या उताराची काढा.

आता खरं काम, हवाबंद प्रिंट. आपल्याकडं बेळगाव-खानापूरचा पावसाळा कसला असतो माहीत आहे की, टीपीयू हवेतलं पाणी ओढून घेतं, नोझलमध्ये त्याची वाफ होते, तडतड आवाज येतो नि भिंतीत बारीक भोकं पडतात, मग कितीबी सेटिंग बदला हवा गळतेच. म्हणून रीळ ५०-५५ अंशावर चार-सहा तास सुकवायचं नि लगेच प्रिंटला लावायचं, उरलेलं सिलिका जेल घालून घट्ट डब्यात. जूनपासून तर हे चुकवूच नका.

सेटिंग: ९५ए टीपीयू (९५ए हा कडकपणाचा आकडा), ०.४ मिमी नोझल, लेयर ०.१५ ते ०.२ मिमी, नोझलचं तापमान २२५-२३५ अंश, स्पीड २०-२५ मिमी सेकंदाला, रिट्रॅक्शन (तार मागं ओढणं) अगदी कमी, फ्लो (प्लास्टिक सोडायचं प्रमाण) १०५ ते ११० टक्के. सीम, म्हणजे प्रत्येक थर जिथं सुरू होऊन संपतो तो सांधा, जाड बाजूला ढकला, गळती बहुतेक तिथनंच होते. डायरेक्ट ड्राइव्ह (तार ढकलणारी मोटर नोझलजवळच) असेल तर बरं, लांब ट्यूबमध्ये मऊ फिलामेंट, म्हणजे तार, गुंडाळतं.

बोट प्रिंट न करता सिलिकॉन ओतून करूलालेत त्यांनी साचा पीएलएत (नेहमीचं कडक प्रिंटिंग प्लास्टिक) काढा. बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत काम केलेल्यांना आतला कोअर (पोकळी राखणारा साच्याचा गाभा) कसा बसवायचा ते सांगायला नको. इकोफ्लेक्स ००-३० या मऊ सिलिकॉनचे दोन भाग सारखे मिसळायचे, चारेक तासांत घट्ट होतं. लॅटेक्सचे ग्लोव्ह नि रेझिन प्रिंटरचा साचा मात्र टाळा, सिलिकॉन चिकटच राहतं.

बोट तयार झालं की मेडिकलमधली ६० मिलीची सिरिंज ट्यूबनं जोडा, बोट पाण्याच्या बादलीत बुडवा नि हळू दाबा, बुडबुडे कुठनं येतात ते बघा. वर्कशॉपचा कॉम्प्रेसर थेट लावू नका, मधी रेग्युलेटर घाला नि शून्यापासनं चढवा, बोट तोंडाजवळ धरू नका. तीन बोटं गोलात बसवून एकाच ट्यूबला जोडली की टोमॅटो काय, अंडंसुद्धा धरतात. फाटलं तर बहुतेक घडीच्या तळाशी फाटतं, तिथं अर्ध्या मिलिमीटरची गोलाई देऊन परत प्रिंट टाका.