ग्रुपवर टाकायचं की समोर बोलायचं?

वेंगुर्ल्याकडचा काजू कारखाना असो, देवगडातलं आंब्याचं पॅकिंग असो की तारकर्लीतला होमस्टे, कामगारांना काही कळवायचं म्हटलं की हात आधी मोबाईलकडे जातो. टाइप करण्याआधी एवढंच बघा: यावर उत्तर काय येणार आहे? नुसतं 'कळलं' येणार असेल तर व्हॉट्सॲप ग्रुप पुरतो. प्रश्न किंवा नाराजी येणार असेल तर समोर बसा. पैसा किंवा तारीख असेल तर दोन्ही करा, पण आधी तोंडी आणि मग त्याच दिवशी लेखी.

हा क्रम उलटला की घोळ होतो. पेटीमागची मजुरी बदलल्याचं आधी ग्रुपवर पडलं, तर रात्रीतच वाडीवाडीत चर्चा होते आणि सकाळी माणसं ऐकायला नाही, भांडायला येतात. नुसतं तोंडी सांगितलं, तर पगाराच्या दिवशी 'तुम्ही असं म्हणाला होतात' सुरू होतं. म्हणून काम सुरू होताना दहा मिनिटं घ्या. जुना दर, नवा दर, कधीपासून आणि का, एवढं सांगा, शंका ऐका. संध्याकाळच्या आत तेच ग्रुपवर आणि शेडमधल्या फळ्यावर लिहा. त्या दिवशी गैरहजर असलेल्यांना दुसऱ्या दिवशी वेगळं गाठा. सुट्टीच्या वेळी सभा नको. एसटी चुकेल या काळजीत माणसं नुसती मान डोलावतात. काजू फोडायच्या मशीनजवळही नको, तिथे आकडे हमखास चुकीचे ऐकू येतात.

चूक दाखवायची ती एकट्याला बाजूला घेऊन. ग्रुपवर नाव घेऊन सुनावलंत तर ते घरचेही वाचतात, कारण बऱ्याच घरांत फोन एकच असतो. कौतुक खुशाल ग्रुपवर करा.

ग्रुप दोन ठेवा: एक सूचनांचा, जिथे फक्त ॲडमिन लिहील, आणि दुसरा गप्पा, फोटो, शुभेच्छांचा. एका मेसेजमध्ये एकच गोष्ट लिहा. स्वतः पाठवलेला मेसेज दाबून धरून 'इन्फो' उघडलं की कोणी वाचला ते दिसतं. निळी टिक बंद ठेवणाऱ्यांचीही ग्रुपमध्ये ती दिसते. पण वाचणारा कदाचित मुलगा असेल, म्हणून 'उद्या आठला येणार असाल तर नाव लिहा' असं उत्तर मागा. व्हॉइस मेसेज अर्ध्या मिनिटाचा पुरे, त्यातले आकडे खाली लिहून द्या. नंतर शोधताना आवाजात ते सापडत नाहीत. चूक झाली तर व्हॉट्सॲपवर 15 मिनिटांत दुरुस्त करता येते. त्यानंतर जुना मेसेज गुपचूप पुसू नका, 'आधीची सूचना रद्द' असं नव्याने लिहा. नाहीतर ज्यांनी वाचलंय ते जुन्यावरच चालतील.

बागेत नेपाळी कामगार असतील तर त्यांना देवनागरी वाचता येते, पण मराठी समजेलच असं नाही. छोटी हिंदी वाक्यं लिहा, आणि कुठलं फळ कुठल्या पेटीत ते फोटोनेच दाखवा.

गणपती-शिमग्याच्या रजांचा अंदाज पोलवर घ्या, 12 पर्यंत पर्याय देता येतात. कोणाला थांबावं लागेल हे मात्र समोरच सांगा. सगळ्यांच्याच घरी गणपती असतो, तेव्हा नकार मेसेजवर देणं वाईटच.

पावसाळ्याची सोय मे महिन्यातच ठरवा. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळ-पठारावर रेंज असते, खाली बागेत नसते, आणि वीज गेली की टॉवरही बसतो. प्रत्येक वाडीत निरोप पोचवणारा एक माणूस नेमा, आणि सकाळी सहापर्यंत काही कळलं नाही तर नेहमीच्या वेळी यायचं की घरी थांबायचं, हे आधीच ठरवून ठेवा. वादळाचा इशारा आला की मेसेजवर विसंबू नका. बोटीवर, बागेत असलेल्या प्रत्येकाला फोन करा, आवाज ऐकू आला की यादीतल्या नावापुढे खूण करा, आणि फोन लागला नाही त्याच्याकडे माणूस पाठवा.